भाडेकरू असलेली छोटी इमारत स्वतः राहण्याच्या कर्जावर घेताना

अमेरिकेत दोन ते चार घरांची इमारत एफएचए कर्जावर (सरकारी फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने विमा दिलेल्या गृहकर्जावर) घेता येते आणि क्रेडिट स्कोअर किमान 580 असल्यास 3.5 टक्के डाउन पेमेंट पुरते. मात्र खरेदीनंतर 60 दिवसांत तिथे राहायला जाऊन किमान एक वर्ष राहावे लागते, आणि खरी अडचण इथेच येते, कारण मुदतीचा भाडेकरार मालक बदलल्याने सहसा संपत नाही. म्हणून सगळी घरे भरलेली असतील, तर एक घर रिकामे करून देण्याची अट खरेदी करारातच लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. काही शहरांत मालकाला स्वतः राहायचे असले तरी भाडेकरूला भरपाई द्यावी लागते, त्यामुळे स्थानिक वकिलाला आधीच विचारावे.

प्रत्येक भाडेकरूकडून भाडे, मुदत व अनामत यांची सहीनिशी लेखी खातरजमा घ्यावी. विक्रेता 1,500 डॉलर भाडे सांगतो आणि भाडेकरू 1,350 लिहून देतो, असे आढळले तर हिशेब पुन्हा मांडावा. अनामत रकमा व्यवहाराच्या दिवशीच आपल्याकडे वर्ग करून घ्याव्यात.

एफएचए कर्जासाठी तीन-चार घरांच्या इमारतीत मूल्यांकनकाराने ठरवलेल्या एकूण भाड्यातून किमान 25 टक्के वजा करून उरलेल्या रकमेत कर्जाचा संपूर्ण मासिक हप्ता, कर व विम्यासह, भागावा लागतो.