दोन ई-वन लाइनी, पण बॅकअपला एकीचाच वेग

पुणे-मुंबई ऑफिसांना जोडणाऱ्या दोन ई-वन लीज्ड लाइनी (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेल्या डेटा लाइनी), प्रत्येकी २.०४८ एमबीपीएस. तरी रात्रीचा बॅकअप एका लाइनीच्या वेगापुढे सरकेना. कारण राउटर प्रत्येक कनेक्शन एकाच लाइनीला बांधतो, आणि बॅकअपचं कनेक्शन एकच. पर-पॅकेट वाटणी (एकेक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आळीपाळीने दोन्ही लाइनींवर) लावली, तर पॅकेटं मागेपुढे पोचून आयपी फोनवर आवाज तुटायला लागला. हे तर आगीतून फुफाट्यात!

मग दोन्ही टोकांना मल्टिलिंक पीपीपी (दोन्ही लाइनी जोडून त्यांची एकच लाइन, म्हणजे बंडल, करणारा प्रोटोकॉल) लावलं. यात तुकड्यांना क्रमांक मिळतात, पलीकडचा राउटर ते क्रमाने जुळवतो. आयपी पत्ता मल्टिलिंक इंटरफेसलाच (बंडलच्या आभासी पोर्टला) द्यायचा, सिरियल इंटरफेसचे (एकेका लाइनीच्या पोर्टचे) काढून टाकायचे. वेग जवळपास दुप्पट झाला. थोडा वेग हेडर (तुकड्यांवरची क्रमांकासारखी जादा माहिती) खातात. एक लाइन पडली तरी काम चालतं. मात्र एकीवर सीआरसी एरर (वाटेत डेटा बिघडल्याच्या चुका) वाढले की अख्खं बंडल रखडतं, म्हणून दोन्हींचे एरर काउंटर वेगवेगळे बघतो.