थायरॉइडचं ऑपरेशन होऊन घरी आल्यावर काय काय सांभाळायचं

नागपूर नाहीतर सेवाग्रामला ऑपरेशन होते, दोन-चार दिवसांत सुट्टी होते अन् पेशंट गावात परत येतो. मग जो तो येऊन टाक्यांचंच विचारते. टाके बहुतेक वेळा आपसूक भरून येतात हो, खरं ध्यान ठेवायचं ते कॅल्शियमवर अन् सकाळच्या गोळीवर, अन् गावात नेमकं तेच राहून जाते.

१) सुट्टी घेतानाच विचारून घ्या

थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, पूर्ण काढली की अर्धी? पूर्ण काढली तर थायरॉइडची गोळी आयुष्यभर, अर्धी काढली तर सगळ्यांनाच लागत नाही, रक्त तपासून ठरते. कॅल्शियम दिवसातून किती वेळा, गाठीचा रिपोर्ट कधी मिळणार, रात्री-बेरात्री फोन कोणत्या नंबरवर करायचा, हे सगळं लिहून घ्या अन् डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

२) सुरुवातीच्या रात्री

डोक्याखाली दोन-तीन उशा द्या, सूज कमी राहते. कोणीतरी जवळ झोपा. गळा एकदम फुगत चालला, घट्ट वाटून राहिला, श्वास घ्यायला त्रास होऊन राहिला तर आत रक्त साचत असू शकते. हे बहुतेक पहिल्या 24 तासांत, म्हणजे हॉस्पिटलमध्येच होते, पण घरी झालंच तर सकाळची वाट पाहायची नाही, लगेच 108 ला फोन लावा.

३) मुंग्यांकडे लक्ष

थायरॉइडच्या मागे बारीक बारीक चार ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. पूर्ण थायरॉइड काढताना त्यांना धक्का बसू शकते अन् मग काही दिवस, कधी काही आठवडे कॅल्शियम खाली जाते. ओठांभोवती बधिर वाटणं, बोटांच्या टोकाला मुंग्या येणं ही त्याची पहिली खूण, अन् ती बहुतेक पहिल्या तीन-चार दिवसांत दिसते, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. आपल्याकडे काय होते, अशक्तपणा आला म्हणून बाई गुपचूप पडून राहते, घरचे ग्लुकोजचं पाणी देतात, अन् इकडे कॅल्शियम उतरतच राहते. म्हणून सकाळ-संध्याकाळ तुम्हीच विचारा, "बाई, ओठाले मुंग्या येऊन राहिल्या का?" हो म्हटलं तर कार्डावर सांगितल्याप्रमाणे कॅल्शियम द्या अन् डॉक्टरला फोन करा. हाताची बोटं वाकडी होऊन आखडली, पायात गोळे आले तर घरी थांबूच नका, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागते.

४) सकाळची गोळी

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत, अन् चहा त्याच्यानंतर अर्धा ते एक तासानं. खेड्यात उठल्या उठल्या चहा लागतोच, तर सोपं म्हणजे गोळ्यांची बाटली उशाशी ठेवा, उठलं की गोळी, मग अंगण झाडणं, सडा टाकणं, तोवर वेळ निघून जाते. कॅल्शियमची गोळी अन् आशाताईनं दिलेली लोहाची गोळी यांच्यात अन् थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर पाहिजेच, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही. कॅल्शियम शक्यतो जेवणासोबत. उपासाच्या दिवशीही गोळी घ्यायची, हे मी मुद्दाम सांगून राहिले कारण श्रावणात कितीतरी बाया बंद करतात. अन् उन्हाळ्यात टिनाखालच्या फळीवर, चुलीजवळ बाटली ठेवू नका, उष्णतेनं औषधाचा जोर कमी होते. घरातली सगळ्यात थंड अन् कोरडी जागा बघा.

५) जखम अन् काम

हळद, तूप, पाला काहीच लावायचं नाही. डॉक्टर सांगेपर्यंत पट्टी भिजवू नका. पोत घासते, म्हणून जखम भरेपर्यंत काढून ठेवा किंवा सासूबाईंना नाही पटलं तर मनगटाला गुंडाळा, पण गळ्यात नको. पाण्याची गुंड, कापसाचं गाठोडं, कडेवर लेकरू हे दोन-तीन आठवडे बंद, वेचणीचे दिवस असले तरी. पण मान लाकडासारखी धरून बसायचं नाही, हळूहळू डावी-उजवी फिरवत राहा. मान बिनदुखत वळत नाही तोवर गाडी चालवू नका. जखम लाल झाली, पू आला, ताप चढला तर दाखवा. टाके भरल्यावर वर्षभर वणाला ऊन लागू देऊ नका, सुती दुपट्टा पुरते.

६) जेवण, आवाज

गिळायला दुखते तोवर खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकर. ठेचा थोडे दिवस राहू द्या. आवाज बसतो, बहुतेकांचा परत येतो. पाणी पिताना सारखा ठसका लागत असेल किंवा काही आठवड्यांनीही आवाज घोगराच असेल तर मात्र डॉक्टरला सांगा.

७) परत तपासणी

रिपोर्ट आणायला माणूस पाठवाच, त्यात कॅन्सर निघाला तर पुढचा उपचार वेगळा असतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे गोळीचा डोस बरोबर आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या, तालुक्याच्या लॅबमध्ये होते. शेजारणीचा डोस पाहून आपला वाढवू-कमी करू नका, अन् डॉक्टरनं डोस बदलला की पुन्हा सहा-आठ आठवड्यांनी रक्त द्यायला जायचं.