फोनवरील जीपीएसच्या आधारे अनोळखी घराच्या दारापर्यंत एकट्याने कसे पोहोचावे

हा लेख पांढऱ्या काठीने रहदारीच्या रस्त्यावर एकट्याने चालण्याचा सराव असलेल्या दृष्टिहीन वाचकांसाठी आहे. ज्यांचा तो सराव झालेला नाही, त्यांनी आधी काठी शिकावी, कारण उघडे गटार किंवा पदपथावर लावलेली दुचाकी उपग्रहाला दिसत नाही. पडद्यावरचे वाचून दाखवणारे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर तुम्हांला वापरता येते आणि बॅटरी भरलेली आहे, हे मी गृहीत धरते.

कान झाकणारे हेडफोन वापरू नयेत. गालाच्या हाडातून आवाज पोहोचवणारे, कान मोकळे ठेवणारे हेडफोन घ्यावेत, आणि ते नसतील तर फोन गळ्यात अडकवून त्याच्या स्पीकरवर भागवावे. पावसाच्या सरीत गाडीचा आवाज आधीच दबलेला असतो. त्यात कानही बंद करणे मला मुळीच मान्य नाही.

दृष्टिहीनांसाठी खास बनवलेली स्वतंत्र जीपीएस यंत्रे पूर्वी उपयोगी होती. आज साधा फोन पुरतो. वाट सांगण्यासाठी गूगल मॅप्स आणि आजूबाजूच्या खुणा बोलून दाखवणारे आणखी एक अॅप, एवढे पुरे. मात्र एकाच अॅपवर सर्वस्वी विसंबू नये. खुणा बोलून दाखवणारे, अनेकांचे आवडते साउंडस्केप अॅप मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केले. त्याचा कोड खुला केल्यामुळे इतरांना त्यावरून नवी अॅप्स काढता आली, एवढेच समाधान.

आता पत्ता. आपल्या गोव्यात ‘कपेलाजवळ’, ‘देवळामागे’ असा पत्ता सांगितला जातो आणि तो नकाशाला कळत नाही. म्हणून यजमानांना लोकेशन पाठवायला सांगावे, पण घरात बसून नव्हे, तर फाटकाबाहेर उघड्यावर उभे राहून, मिनिटभर थांबून. घरातून पाठवलेले लोकेशन कित्येकदा मागच्या रस्त्यावर नेऊन सोडते. प्लस कोड, म्हणजे गूगल मॅप्सवर जागा दाखवणारा छोटा अक्षरी-अंकी पत्ता, मागितला तरी चालेल, परंतु नेहमीचा दहा अक्षरी कोड सुमारे १४ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो, हे ध्यानात असू द्यावे.

बसमध्ये खिडकीकडेची जागा घेऊन अॅप चालू ठेवावे आणि थांबा जवळ आला की कंडक्टरला आठवण करावी.

उतरल्यावर लगेच चालू लागू नये. तुम्ही स्थिर उभे असताना तोंड कोणत्या दिशेला आहे, हे उपग्रहांवरून कळत नाही. त्यासाठी फोन आतल्या होकायंत्रावर अवलंबून असतो, आणि फोनच्या कव्हरमधले लोहचुंबक किंवा जवळची लोखंडी जाळी त्याला सहज फसवते. चुंबक असलेले कव्हर काढून टाकावे. बस कोणत्या बाजूला निघून गेली हे ऐकावे, किंवा पायलटने (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याने) सोडले असेल तर मोटरसायकलचे तोंड कुणीकडे होते हे त्याला विचारून घ्यावे. मग रस्त्याच्या कडेने सरळ पंधरा-वीस पावले टाकावीत. तुम्ही हलू लागलात की अॅप दिशा ठरवू शकते, आणि चूक असेल तर ती तेवढ्यातच कळते.

मधला रस्ता सोपा आहे: काठीने कडा धरावी आणि वळणाची सूचना आली की प्रत्यक्ष वळण काठीला लागेपर्यंत वळू नये.

खरी कसोटी शेवटच्या तीस पावलांत असते. या टप्प्याशी मी फार काळ झगडले आहे आणि त्याबद्दल मिळणारा सल्ला बहुधा निरुपयोगी असतो. ‘अॅप पोहोचलो म्हणाले की कुणाला तरी विचारा’ असे सांगणाऱ्यांनी दुपारी दोन वाजता फोंड्याजवळच्या एखाद्या वाड्यावर उभे राहून पाहावे. विचारायला माणूस मिळत नाही.

अडचण कशी येते ते आधी समजून घ्यावे. अमेरिकेने २००० साली जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून हे तंत्र पायी चालणाऱ्याच्या कामाचे झाले. तरीही मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटर असते. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, दाट सावलीत किंवा पणजीतल्या फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीत, जिथे भिंतींवर आपटून संकेत वाकड्या वाटेने येतात, ती याहून वाढते. शिवाय ‘पोहोचलो’ ही घोषणा पुष्कळदा रस्त्यावरच्या एखाद्या बिंदूसाठी असते, तुमच्या दारासाठी नव्हे. पाच मीटरांत शेजाऱ्याचे फाटक येते, रस्त्याची दुसरी बाजू येते आणि कुत्राही येतो.

म्हणून माझा ठाम आग्रह असा की, फाटक हे मुक्काम म्हणून नोंदवूच नये. फाटकाच्या थोडे पुढे, तुमच्या वाटेवर, चुकवताच येणार नाही अशी एक खूण यजमानांना विचारून घ्यावी: डांबर संपून माती सुरू होते ती जागा, रस्त्याखालची मोरी, तीव्र चढाची सुरुवात किंवा चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) वळतो तो कोपरा. ही खूण वाटेला आडवी असावी. विजेचा खांब नको; पाच मीटरांच्या चुकीत तो कधीच हाती लागत नाही. अॅपमध्ये त्या खुणेचे लोकेशन भरावे, यजमानांच्याच बाजूच्या कडेने तिथपर्यंत बेधडक चालत जावे, काठीने तिची खात्री करावी, आणि मग पाठ वळवून त्याच कडेने फाटके मोजत परत यावे. ‘खुणेपासून मागे दुसरे फाटक’ हा पत्ता उपग्रहाच्या चुकीवर अवलंबून राहत नाही. अॅपचा आवाज या परतीत बंदच ठेवावा; तो ‘उलट वळा’ म्हणत राहतो आणि मोजणी विस्कटते.

फाटक सापडले की तिथे स्वस्थ उभे राहून ते ठिकाण स्वतःच्या नावाने साठवावे आणि सोबत खुणेचे वर्णन लिहावे. पुढच्या खेपेस दोन्ही उपयोगी पडतात.

खुणाही बदलतात. पावसाळ्यात गटार भरून वाहते, कडेला गवत माजते, आणि पाऊस सरल्यावर रस्त्यावर नवे डांबर पडते. म्हणून चतुर्थीनंतर नेहमीच्या वाटांवर ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन प्रत्येक खूण काठीने पुन्हा तपासावी, आणि जी हरवली असेल ती अॅपमधून त्याच दिवशी काढून टाकावी.