रिफ्रेश केलं की ४०४: रिअ‍ॅक्ट राउटर आणि एनजिनएक्स

बेळगावातल्या एका मिठाई दुकानाची साइट, मराठी आणि कन्नड दोन्हीत. मेनूतून 'कुंदा' उघडला की पान छान दिसायचं. तीच लिंक खानापूरच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'.

कारण साधं आहे. साइट रिअ‍ॅक्टची, आणि रिअ‍ॅक्ट राउटर ही लायब्ररी पानं ब्राउझरमध्येच बदलते. त्यामुळे आतल्या क्लिकवर पत्ता फक्त ब्राउझर बदलतो, सर्व्हरला त्याची खबरही नसते. लिंक थेट उघडली किंवा रिफ्रेश केलं, की सर्व्हर त्या नावाची फाइल शोधतो, आणि ती नसतेच. एनजिनएक्स हा इथला वेब सर्व्हर. त्याच्या सेटिंगमधल्या मुख्य लोकेशन ब्लॉकमध्ये ट्राय-फाइल्स (कोणत्या फाइली क्रमाने शोधायच्या ते सांगणारी ओळ) हिला आधी मागितलेली फाइल आणि शेवटी इंडेक्स एचटीएमएल दिली, की हे मिटतं.

पण खरी गोम पुढे. नवं बिल्ड (साइटच्या तयार फाइलींचा संच) चढवल्यावर जुनं पान उघडं ठेवलेल्यांना कोरी स्क्रीन! जुनी जेएस फाइल नसल्याने सर्व्हर तिच्या जागी इंडेक्सच पाठवतो, तेही २०० म्हणजे 'सगळं ठीक' म्हणून, आणि ब्राउझर एचटीएमएल बघून अडतो. अ‍ॅसेट्स फोल्डरला वेगळा ब्लॉक करून तिथे फाइल नसेल तर थेट ४०४ द्या, इंडेक्सला नो-कॅश लावा (म्हणजे ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारूनच ती वापरेल) आणि मागच्या बिल्डच्या फाइली काही दिवस राहू द्या. व्हीट (Vite) या बिल्ड करणाऱ्या साधनात बेस, म्हणजे फाइलींच्या रस्त्याची सुरुवात, स्लॅशच ठेवा. डॉट-स्लॅश असेल तर आतल्या पानांवर फाइलींचा रस्ता चुकतो.

देवनागरी पत्ते बिनधास्त वापरा. 'कुंदा' ही पाच चिन्हं कॉपी केल्यावर टक्केवाली ४५ अक्षरं होतात. दिसायला भयंकर, पण चालतात. पत्त्यातला भाग वाचून देणारं राउटरचं यूज-पॅरॅम्स फंक्शन ती उलगडूनच देतं, पुन्हा डीकोड करू नका.