घरच्या टाकीत दगडी प्रवाळ वाढवायचं तर आधी वही घ्या

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी, बेसमेंटमध्ये, ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच अशी काचेची टाकी आहे. दगड आणि वाळूची जागा सोडली तर तिच्यात साधारण १३० लिटर खारं पाणी मावतं. या टाकीत मी गेली सहा वर्षं दगडी प्रवाळ वाढवते आहे. मूळची मी मालवणची. किल्ल्यामागच्या खडकांजवळ बुडी मारून जिवंत प्रवाळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शाळेत होते, आणि ते बघणं काही डोक्यातून गेलं नाही.

भारतात राहणाऱ्यांना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सगळी दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. ती समुद्रातून काढू नका, कोणी विकत असेल तर घेऊ नका, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथे पाण्यात उतरून बघा, पाय न टेकता, हात न लावता. मी लिहिते आहे ते परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, जिथे टाकीतच वाढवलेले तुकडे कायदेशीरपणे मिळतात. इथेही समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ मी घेत नाही. दुसऱ्या कोणाच्या टाकीत वाढलेल्या वसाहतीचा बोटभर तुकडा घ्यावा. तो स्वस्त पडतो, टाकीत जगायची त्याला सवय असते, आणि समुद्रातलं काही कमी होत नाही.

आई इथे राहायला आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, अंगठीतलं पोवळं ते हेच का? नाही. ते लाल पोवळं वेगळ्या कुळातलं. आपण वाढवतो ती दगडी प्रवाळं. यातला एकेक प्राणी मोहरीएवढा, काही जातींत वाटीएवढा. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर साखर तयार करतं आणि प्राण्याला देतं. त्या जोरावर प्राणी पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून स्वतःच्या बुडाखाली दगड रचतो. त्या खनिजाचं नाव ॲरागोनाइट. म्हणजे टाकीत वाढणारा प्रत्येक ग्रॅम दगड तुमच्या पाण्यातून वजा होत असतो. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं काम त्या वजाबाकीचा हिशेब ठेवण्याचं आहे. म्हणून म्हणते, आधी वही घ्या.

टाकी मांडण्याबद्दल थोडक्यात सांगते. नळाचं पाणी वापरू नका. आरओ आणि डीआय (उरलेले क्षार काढणारी गाळणी) अशा दोन्ही गाळण्यांतून आलेलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य दाखवणारं पाणी घ्या. तांब्याचा अंशही प्रवाळाला मारतो. मीठ मिसळताना पंप आणि हीटर लावून पाणी दिवसभर फिरू द्या, मग क्षारमापक घेऊन खारटपणा ३५ वर (हजार भागांत ३५ भाग मीठ) आणा. क्षारमापक साध्या पाण्यावर नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवायचा, नाहीतर आकडा फसवतो. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस. दगड टाकल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा प्रवाळ आणायची घाई करू नका. माझ्या मते पहिलं दगडी प्रवाळ सहा महिन्यांनी आणावं, ॲक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचं नाजूक प्रवाळ, तर वर्षभरानंतरच. दगड जुना, कोणाकडून आलेला असेल तर तो कधीही उकळू नका. त्याच्यावर पॅलिथोआ, प्रवाळाचा एक विषारी मऊ नातलग, चिकटलेला असू शकतो. त्याचं विष वाफेबरोबर नाकात गेलं तर घरातली माणसं दवाखान्यात जातात.

आता मुख्य गोष्ट, अल्कलिनिटी. पाण्यात दगड रचण्याजोगं कार्बोनेट किती आहे, ते हा आकडा सांगतो. तो डीकेएच या जर्मन एककात मोजतात. समुद्रात तो ७ च्या आसपास असतो, मी ८.३ धरते. कॅल्शियम समुद्रात ४१० ते ४२० पीपीएम (साधारण लिटरमागे मिलिग्रॅम) असतं, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. नवीन माणूस कॅल्शियम मोजत बसतो, कारण दगड कॅल्शियमचा. पण प्रमाण बघा: प्रवाळाने २.८ डीकेएच वापरले तर कॅल्शियम उतरतं फक्त २० ने. अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर आली म्हणजे प्रवाळाचा जीव धोक्यात आला, आणि त्याच वेळी कॅल्शियम ४२० चं ४०० झालेलं असतं, जे अजून चांगलंच म्हणायचं. म्हणून रोज मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्याला, मॅग्नेशियम महिन्याला.

आणि रोज एकाच वेळी. उजेडात प्रवाळ झपाट्याने दगड रचतं, रात्री हळू. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची तुलना करून काही कळत नाही. मी रात्री साडेनऊला, दिवे मालवायच्या आधी मोजते. हॅना कंपनीचं छोटं डिजिटल यंत्र आहे. १० मिलिलिटर पाणी, त्यात १ मिलिलिटर रसायन, कुपी उलटसुलट करायची, बाहेरून मऊ कापडाने पुसायची. काचेवर बोटाचा ठसा किंवा आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा हलतो. तो वहीत लिहायचा, शेजारी त्या दिवशी काय घातलं ते.

ही वही मला माझ्या चुकीने दिली. दुसऱ्या हिवाळ्यात मी आजारी होते, दहा दिवस काहीच मोजलं नव्हतं. मोजलं तर ६.१. माझं ध्येय तेव्हा ८.५ होतं. एका संध्याकाळी बसून मी सगळी तूट भरून काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या ॲक्रोपोराच्या बुडाशी कातडी सुटून पांढरा दगड दिसायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत तो पांढरेपणा फांद्यांपर्यंत चढला. जपून वाढवलेली वसाहत दोन दिवसांत गेली. ६.१ ने ती मेली नव्हती, उडीने मेली. तेव्हापासून मी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढवत नाही. कितीही घाई वाटली तरी १ ही शेवटची मर्यादा.

चढवायचं कशाने? खाण्याच्या सोड्याने. स्वयंपाकघरातलाच, पण डब्यावर फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेला असावा. बेकिंग पावडर चालत नाही. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम सोडा लागतो. माझ्या १३० लिटरला साधारण ४ ग्रॅम. तो शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे सावकाश ओतायचा. टाकीचं पाणी स्वतः मोजून घ्या. दुकानदाराने सांगितलेल्या आकारमानात दगड धरलेला नसतो.

रोजची भर मात्र मी सोड्याने करत नाही, चुन्याने करते. जर्मन भाषेत याला काल्कवासर म्हणतात, आणि जगभरचे टाकीवाले तोच शब्द वापरतात. आईने पहाटे बेसमेंटमध्ये बरणी पाहिली, तळाशी पांढरा थर, वर काचेसारखं स्वच्छ पाणी, आणि लगेच म्हणाली, "अगो, ही तर चुन्याची निवळी!" तिची आजी रात्री चुना भिजवून ठेवायची आणि सकाळी वरची निवळी अलगद काढायची. मी चार वर्षं जे करत होते त्याला आमच्या घरात आधीपासून नाव होतं.

निवळीचं कौतुक यासाठी की तिच्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही असतात, प्रवाळ वापरतं त्याच प्रमाणात. दुसरं म्हणजे ती पीएच चढवते. इथे हिवाळ्यात घर बंद असतं, माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड घरात साठतो, पाण्यात उतरतो आणि पीएच ७.८ च्या खाली जातो. रात्री दिवे बंद असताना शैवालही तो शोषत नाही. म्हणून मी निवळी रात्रीच देते.

कृती अशी. अमेरिकेत काकडीच्या लोणच्यासाठी कोरडा चुना मिळतो. त्यात निव्वळ कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. पानाचा ओला चुना घेऊ नका, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. १ लिटर शुद्ध पाण्याला २ ग्रॅम चुना, झाकण लावून हलवायचं, तीन-चार तास ठेवायचं. वर पातळ साय धरते, ती राहू द्यायची. तळाचा गाळ कधीही टाकीत जाता कामा नये. मधलं स्वच्छ पाणी बारीक नळीने, सेकंदाला एक थेंब अशा धारेने सोडायचं. लिटर संपायला पाच-सहा तास लागतात. माझ्या टाकीत लिटरभर निवळीने ०.९ डीकेएच वाढतात, आणि रोज बाष्पीभवनाने उडणारं पाणीही त्यातूनच भरून निघतं. एकदम ओतली तर पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि मासेसुद्धा मरतात. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. हातमोजे आणि चष्मा घाला, बरणी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

उजेडाबद्दल लोक फार बोलतात. मी इतकंच सांगेन: पार मीटर, म्हणजे शैवालाला उपयोगी उजेड मोजणारं यंत्र, भाड्याने किंवा मित्राकडून आणून एकदा मोजा. हातोडीसारख्या टोकांच्या युफिलिया प्रवाळाला १०० पुरे, माँटिपोरा या दुसऱ्या दगडी प्रवाळाला २०० ते २५०. नवीन तुकडा दोन आठवडे तळाशी ठेवून मग वर चढवा. एकदम प्रखर उजेड मिळाला की तो आपलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी अगदी निर्मळ करण्याच्या मागेही लागू नका. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास मला बरं वाटतं. दोन्ही शून्य झाले की प्रवाळ उपाशी पडतं, रंग उडतो आणि दगडांवर तपकिरी चिकट तार धरते.

नवीन तुकडा आला की भिंग घ्या. माँटिपोराच्या खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी आहेत का बघा, ॲक्रोपोराच्या बुडाशी तपकिरी अंड्यांचे पुंजके आहेत का बघा. औषधाच्या पाण्यात बुडवलं की किडे गळतात, अंडी मात्र मरत नाहीत. म्हणून मी जुनी बैठक, म्हणजे तुकडा चिकटवलेली चकती, कापून फेकून देते, तुकडा नव्या बैठकीवर लावते आणि काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवते. दोन जातींमध्ये वीतभर अंतर ठेवा. युफिलिया रात्री लांब तंतू सोडून शेजाऱ्याला भाजते, आणि सकाळी नुसता डाग दिसतो, कारण कळत नाही.

वाढ बघायची असेल तर फांदीचं टोक बघा. दीड-दोन मिलिमीटर भाग फिकट, जवळपास पांढरा दिसला तर तो नवा दगड आहे, रंग मागून येतो. बुडाशी प्रवाळ बैठकीवर पसरू लागलं, मेणासारखी पातळ कड दिसली, की ते रुजलं. टोकं तपकिरी आणि बोथट झाली तर आधी वही उघडा, मागचे पंधरा आकडे वाचा, मगच पाण्याला हात लावा.

फांद्या मुठीएवढ्या झाल्या की मी तुकडे करते. डोळ्यांवर चष्मा, हातात हाडं कापायची कात्री, एकाच दाबात कट. कापलेली बाजू टिश्यूने टिपायची, सायनोॲक्रिलेट जेलचा (घट्ट सुपरग्लूचा) वाटाण्याएवढा थेंब, बैठकीवर वीस सेकंद दाबून धरायचं आणि लगेच पाण्यात सोडायचं. पांढरी जखम दोन आठवड्यांत भरते. अल्कलिनिटी हलत असेल त्या आठवड्यात मात्र कापत नाही.

हे तुकडे मी आमच्या भागातल्या लोकांना देते. पिशवीवर त्या दिवशीचं माझं पाणी लिहिते: अल्कलिनिटी ८.३, खारटपणा ३५, तापमान २५.५. न्यायला आलेल्याला त्याच्या टाकीचा आकडा विचारते. फरक दीडच्या वर असेल तर तुकडा माझ्याकडेच राहतो. रोज अर्धा अर्धा करत त्यांनी आपलं पाणी जवळ आणावं, आणि मग घेऊन जावा.