युथच्या सहलीला घरून परवानगी: चिठ्ठी, सही आणि त्याआधीचं बरंच काही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पालक चर्चच्या युथ लीडरला तोंडावर नाही म्हणत नाहीत. "बघू की" म्हणतात. "ह्यांना विचारते" म्हणतात. लीडर तो होकार धरतो, गाडीत सीट ठेवतो, आणि निघायच्या सकाळी मुलगी येत नाही. "बघू की" ऐकलं की समजायचं, घरच्यांच्या मनात एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. बहुतेक वेळा तो प्रश्न चारांपैकी एक असतो: परत किती वाजता, मुलींसोबत कोण, पैसे किती, आणि पाण्याजवळ जाणार का. या चारांची उत्तरं लेखी घेऊन दारात गेलात तर निम्मं काम झालं.

तारीख तीन आठवडे आधी पक्की करा, आणि ती काढतानाच अडचणीचे दिवस वगळा. एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावी) परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये येतात, त्यांच्या प्रिपरेटरी म्हणजे सराव परीक्षा त्याआधी. जानेवारीनंतर दहावीच्या मुलाला मागायला जाणं म्हणजे नकार मागून घेणं. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस, त्या आठवड्यात मराठी घरांतून मूल बाहेर पडणं कठीण. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की मोर्चे आणि बंदोबस्त येतो, आणि सीमावादाची ठिणगी पडली की दोन्हीकडच्या एसटी थांबतात. तेव्हा आंबोली किंवा कोल्हापूरचा बेत असेल तर पर्यायी तारीखही त्याच वेळी ठरवून ठेवा. उसाचा हंगाम सुरू असताना चिकोडी-रायबागकडून अंधारात परतायचं ठरवू नका. मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या पालकांनी रोज पाहिलेल्या असतात.

मग घरात शब्द कोणाचा चालतो ते आधी काढा. वडील गोव्यात किंवा पुण्यात कामाला, नाहीतर फौजेत. सही आई करते, पण आजोबा सकाळी चहा पिता पिता "कुठं चाललीस?" म्हणाले की सगळं तिथंच थांबतं. अशा घरी आजोबांशी आधी बोलायचं, वडिलांना त्याच बैठकीत फोन लावायचा, आणि सही शेवटी घ्यायची. निपाणीत तंबाखूच्या वखारीत किंवा विडीच्या कामाला जाणाऱ्या आया संध्याकाळी उशिरा घरी येतात, म्हणून सातनंतर जा. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर घाईत घेतलेली परवानगी फार टिकत नाही, कारण तिथं आईला संकोचानं "हो" म्हणावं लागतं.

घरी जाताना दोघं जा, त्यात एक बाई असावी. चिठ्ठी एका ए-फोर कागदाची करा: पुढं मराठी, मागं कन्नड. मुलं इंग्रजी माध्यमात असली तरी सही करणाऱ्या आईला कधी मराठी वाचता येतं, कधी कन्नडच. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा. तीस मुलं असतील तर चाळीस प्रती काढा. चारपाच कागद दप्तरात चुरगळतातच. कागदाच्या मध्ये तुटक रेघ मारा. वरचा भाग घरी राहतो, खालचा परत येतो. वरचा भाग साधारण असा:

"शनिवारी सकाळी ७ वाजता चर्चच्या गेटपासून निघणार, संध्याकाळी ६.३० ला तिथंच परत. ठिकाण: आंबोली, महाराष्ट्र. वाहन: पिवळ्या नंबरप्लेटची मिनीबस. सोबत मोठी माणसं चार, दोन पुरुष, दोन बायका (नावं आणि मोबाईल खाली). कार्यक्रम: प्रार्थना, बायबल अभ्यास, खेळ, जेवण. कोणीही पाण्यात उतरणार नाही. वर्गणी ३५० रुपये. अडचण असल्यास पाळकांशी बोला."

यातली परतीची वेळ सगळ्यांत जास्त वाचली जाते. साडेपाचला पोचू असं वाटत असेल तर साडेसहा लिहा. वेंगुर्ला रस्त्यावर एखादी गाडी बंद पडली, धुकं आलं, दोघांना उलट्या झाल्या की तास सहज जातो. साडेसहा लिहून सहाला पोचलात तर पालकांना बरं वाटतं. साडेपाच लिहून सहाला पोचलात तर पुढच्या वर्षी ते घर गेलं.

खालच्या भागात पालकाचं नाव, मुलाशी नातं, सही आणि तारीख. त्याशिवाय दोन नंबर हवेत: एक घरचा, आणि तो लागला नाही तर लावायचा दुसरा, शेजारच्या काकूंचा किंवा मामांचा. "गरज पडल्यास दवाखान्यात नेऊन तातडीचे उपचार करायला संमती आहे" हे वाक्य वेगळ्या ओळीत ठेवा. मग आरोग्याचे प्रश्न, तेही बोलीभाषेत. "ॲलर्जी आहे का?" असं विचारलं तर बरेच पालक "नाही" लिहितात. "काय खाल्लं की अंगावर गांधी येतात? दम लागतो का, पंप वापरतो का? फिट येते का? गाडी लागते का? रोजची गोळी कोणती आणि कधी?" असं विचारलं की खरं उत्तर येतं. घाटाच्या रस्त्याला "गाडी लागते का" हा प्रश्न सोडू नका. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी साक्षीदाराची सही घ्या, आणि अंगठा घेण्याआधी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवा.

पाण्याबद्दल आमचं मत पक्कं आहे. सहलीच्या सर्वसाधारण सहीत पाण्याची परवानगी कधीच धरू नये. गोकाकचा धबधबा, राकसकोप धरणाचं पाणी, आंबोलीचे झरे पावसाळ्यात दिसतात त्यापेक्षा जास्त ओढतात, आणि तिथं मुलांना अडवायला चार मोठी माणसं पुरत नाहीत. उतरायचंच असेल तर ते ठिकाण, तो दिवस आणि पोहता येणारी माणसं लिहून वेगळा कागद करा. नाहीतर "उतरणार नाही" लिहा आणि तसंच वागा.

मुक्काम असेल तर मुलींच्या आया जे विचारत नाहीत तेही तुम्हीच सांगा: मुलींची खोली कोणती, कडी आतून लागते का, संडास खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, रात्री त्या मजल्यावर कोण बाई झोपणार. आठ मुलींमागे एक बाई धरा, आणि मुली तीनच असल्या तरी दोन बायका असू द्या. परतताना सगळ्यांत शेवटी घरी सोडायची पाळी मुलीची ठेवू नका. गल्लीत रात्री दहाला कोण कोणाच्या गाडीतून उतरलं याची चर्चा दुसऱ्या दिवशी नळावर होते, आणि आई नकार देते तो बऱ्याचदा त्या चर्चेला. नाताळच्या कॅरल फेरीलाही हेच लागू. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून शेवटचं घर साडेनऊचं ठेवा आणि तीच वेळ चिठ्ठीत लिहा.

पैशाचं कारण कोणी बोलून दाखवत नाही. "त्याला बरं वाटत नाहीये" असं सलग दोनदा ऐकलं तर मुलाला बाजूला पाठवून आईशी हळू आवाजात बोला. चर्चच्या निधीतून दोन-तीन जागा आधीच बाजूला ठेवल्या असतील तर सांगणं सोपं जातं. भावंडं असतील तर दुसऱ्याची निम्मी वर्गणी. वर्गणी दिलेल्यांची यादी ग्रुपवर टाकू नका. न दिलेल्याचं नाव त्यातून आपोआप कळतं.

वर्गातले हिंदू किंवा जैन मित्र "आम्हीपण येतो" म्हणाले तर इथं कसलीही ढिलाई नको. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरासंबंधीचा कायदा झाला, आणि त्यात अल्पवयीन मुलांच्या धर्मांतराला जास्त कडक शिक्षा ठेवली होती. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी शेजारधर्म म्हणूनही हेच बरोबर आहे. त्या मुलाच्या आईवडिलांना स्वतः भेटा आणि "पिकनिक आहे" असं म्हणू नका. प्रार्थना आहे, गाणी आहेत, बायबलवर बोलणं आहे, आणि तुमच्या मुलाला त्या वेळी बाहेर बसायचं असेल तर बसता येईल, हे सांगा आणि लिहा. सही त्यांचीच हवी. मित्राच्या आईची चालत नाही. ते नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका.

सह्या आल्या की तपासा. मुलं आईची सही छान करतात, आणि व्हॉट्सॲपवरचा अंगठा कोणी दाबला हे कळत नाही, कारण संध्याकाळभर घरचा फोन मुलाच्याच हातात असतो. म्हणून चिठ्ठीवर मुलानं लिहिलेल्या नंबरवर फोन करू नका. घरी गेलात तेव्हा पालकांकडून घेतलेल्या नंबरवर करा, तोही आदल्या दिवशी. "काकू, उद्या सातला गेटवर, संध्याकाळी साडेसहाला परत. चिठ्ठीवर सही तुमचीच ना?" एवढंच. वडील परगावी असतील तर त्यांनी सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला तरी चालतो, पण त्यांच्याशी एकदा बोला. अठरा पूर्ण झालेल्यांना सही लागत नाही, तरी घरच्यांना वरचा भाग द्या.

बेत बदलला तर परवानगी संपली. राकसकोप सांगून आंबोलीला गेलात, तर ठिकाण बदललं, राज्यही बदललं. वाहनालाही त्या राज्याचा परमिट लागतो, ड्रायव्हरला आधीच विचारा. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचं अडतं.

चिठ्ठ्यांचे दोन संच करा. एक गाडीत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. दुसरा मागं राहणाऱ्या एका माणसाकडे, ज्याचा फोन दिवसभर चालू असेल. घाटात रेंज जाते, तेव्हा पालक त्यालाच फोन करतात. परतल्यावर मूल कोणाच्या हातात दिलं त्याची खूण यादीवर करा. काही झालं नसेल तर आरोग्याची माहिती असलेले अर्धे कागद महिन्याभरानं फाडून टाका. कोणाला लागलं असेल किंवा दवाखाना झाला असेल तर त्या मुलाचा कागद पाळकांच्या कपाटात जपून ठेवा.