मधमाशी, गांधीलमाशीची ॲलर्जी: या चुका टाळा

माशी चावली हाताला आणि खाज सुटली तळपायांना, काखेत, डोक्यात, तर ही नुसती सूज नव्हे. चावलेल्या जागेपासून दूर कुठेही काही सुरू झालं की घड्याळ बघायचं. जीवघेण्या रिॲक्शनमध्ये हृदय बंद पडेपर्यंत बरेचदा पंधरा-वीस मिनिटंच मिळतात, आणि बहुतेक चुका याच मिनिटांत होतात.

सुजेला घाबरणं, चक्करेकडे दुर्लक्ष करणं

हात कोपरापर्यंत सुजला की घरात धावपळ होते. खरं तर चावलेल्या जागेभोवतीची सूज 10 सेंटिमीटरहून मोठी झाली, दुसऱ्या दिवशी आणखी वाढली आणि आठवडाभर राहिली तरी सहसा जिवाला धोका नसतो. बर्फाचा शेक दहा-दहा मिनिटं, हात उंच, मोठ्यांना सेटिरिझिनची 10 मिलीग्रॅमची एक गोळी, एवढं पुरतं. पहिल्या दोन दिवसांतली लाली पुवामुळे नसते, त्यामुळे अँटिबायोटिकही सहसा लागत नाही. अपवाद तोंड आणि घसा. रसवंतीवर ग्लासात पडलेली माशी जिभेला किंवा घशात चावली, तर ॲलर्जी नसतानाही सुजेने श्वास कोंडू शकतो.

खरी धोक्याची लक्षणं म्हणजे आवाज घोगरा होणं, जीभ जड वाटणं, घशात आवळल्यासारखं होणं, छातीत घरघर, उलटी, पोटात मुरडा, डोळ्यांपुढे अंधारी. दहातल्या एक-दोघांच्या अंगावर काहीच उठत नाही, ते थेट चक्कर येऊन पडतात. ‘पुरळ नाही, म्हणजे ॲलर्जी नाही’ हा हिशेब इथेच चुकतो.

‘पित्त उठलंय’ म्हणून आमसूल

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे त्याला पित्त म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. थंडावा मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माशी चावल्यानंतरच्या गांधींचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो, आणि ॲसिडिटीच्या गोळीने घशाची सूज उतरत नाही.

चुना, हळद, लोखंड घासणं यांचंही तेच. विष कातडीखाली गेलेलं असतं, वरून लावलेलं काही तिथवर पोचत नाही. मधमाशीची नांगी मात्र लगेच काढायची. तिच्यासोबत विषाची पिशवी तुटून राहते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक विष आत ढकलते. नखाने खरवडा, चिमटीत धरून ओढा, कसंही चालेल. चिमटा शोधण्यात वेळ घालवणं हीच चूक. गांधीलमाशी सहसा नांगी सोडत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावू शकते.

गोळी देऊन वाट बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. सेटिरिझिन किंवा एव्हिल खाज कमी करतात. पडलेलं ब्लड प्रेशर वर आणत नाहीत, घसा मोकळा करत नाहीत. डेक्झा, हायड्रोकॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. पहिलं औषध एकच: ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने, स्नायूत. 1 मिलीत 1 मिलीग्रॅम असलेल्या ॲम्प्युलमधून (औषधाची छोटी काचेची बंद कुपी) मोठ्यांना आणि 12 वर्षांपुढच्यांना 0.5 मिली, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 0.3 मिली, त्याहून लहानांना 0.15 मिली. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. दंडात किंवा कातडीखाली दिलं तर ते रक्तात हळू पोचतं. दवाखान्याला वाटेतूनच फोन करा, लक्षणं सांगा आणि ॲड्रेनालिन तयार ठेवायला सांगा.

मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवणं

पुढे एक, मागे एक, मधे मान टाकलेला पेशंट. हेतू चांगला, पण रिॲक्शनमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि उभं किंवा बसतं केलं की रक्त पायांत उतरतं, हृदयाकडे परत येत नाही. झोपलेला माणूस ‘बरं वाटतंय’ म्हणत उठून उभा राहतो आणि तिथेच कोसळतो, असंही होतं. आडवं झोपवा, पाय उंच. दम लागत असेल तरच पाठीला आधार देऊन बसवा, पाय समोर लांब ठेवून. उलटी होत असेल किंवा बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. 108 ला फोन करा, नाहीतर जीप, टेम्पो, जिथे आडवं झोपता येईल असं काहीही.

अर्ध्या तासात घरी परतणं

इंजेक्शनचा असर ओसरल्यावर, कधी कित्येक तासांनी, रिॲक्शन दुसऱ्यांदा उसळते. निदान सहा तास देखरेखीखाली राहा. श्वासाचा त्रास झाला असेल किंवा दोन डोस लागले असतील तर बारा.

आग्यामोहोळ उठलं तर गणित निराळं. पन्नासेक नांग्या लागल्या असतील तर ॲलर्जी नसली तरी दाखल व्हायचं, कारण विषाने स्नायू विरघळून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लघवी चहासारखी झाली की ते सुरू झालं समजा.

पुढच्या वेळची तयारी

‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ याला अर्थ नाही. आधीच्या दंशानेच शरीर ॲलर्जीसाठी तयार होतं. रक्ताची किंवा त्वचेची तपासणी चार ते सहा आठवड्यांनी करा, लगेच केली तर ॲलर्जी असूनही ‘नाही’ असं येऊ शकतं. ब्लड प्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्याने ॲड्रेनालिनचा असर कमी पडतो. मनाने मात्र बंद करू नका.

डॉक्टरांनी ॲम्प्युल जवळ ठेवायला सांगितलं असेल तर सोबत इन्सुलिनची सिरिंज ठेवू नका. तिची सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं, आणि 40 युनिटच्या सिरिंजवर अर्धा मिली म्हणजे 20 युनिट, हा हिशेब घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. साधी 1 मिलीची सिरिंज आणि एक इंची सुई घ्या, भरायचं कसं ते डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. ॲम्प्युल उजेडापासून लांब, गाडीच्या डिकीत कधीच नाही. गुलाबी किंवा तपकिरी झालं की टाकून द्या.